सातला वीस मिनिटं कमी

घरच्या फोनचं बिल मी शेवटचं कधी उघडून बघितलं होतं, ते खरंच आठवत नाही. पैसे खात्यातून परस्पर जायचे. बिल ईमेलने यायचं आणि न उघडताच 'बिलं' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायचं. लँडलाइन आमच्याकडे सासूबाईंसाठी आहे. मोबाइल त्यांना आवडत नाही, कानाला लावला की गरम होतो म्हणतात. त्याहून खरं कारण असं, की त्यांच्या श्रवणयंत्रात टेलिकॉइल आहे आणि हॉलमधल्या त्या जाडजूड रिसीव्हरशी तिचं छान जमतं. यंत्रावरचा खटका 'टी'वर सरकवला की यंत्राचा माइक बाजूला पडतो आणि रिसीव्हरमधल्या चुंबकीय लहरी थेट पकडल्या जातात. मागे टीव्ही चालू असला, कुणी मिक्सर लावला, तरी त्यांना पलीकडचं स्पष्ट ऐकू येतं. त्यांच्या मोबाइलवर मात्र नुसती शिट्टी वाजते. त्यामुळे "आजकाल लँडलाइन कोण ठेवतं?" असं कुणी विचारलं तर आमच्याकडे उत्तर तयार असतं.

बिल उघडायची वेळ आली ती स्काइपमुळे. माझी मावशी परदेशात राहते. वय ८२, घरी फक्त लँडलाइन, व्हिडिओ कॉल वगैरे भानगड नाही. मी वर्षानुवर्षं स्काइपवर थोडे पैसे भरून तिच्या लँडलाइनला फोन लावायचे. ५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं. दुसरी सोय शोधायचा मी कंटाळा केला आणि सरळ घरच्या फोनवरून तिचा नंबर फिरवायला लागले. दोन-तीन महिन्यांनी नवरा खात्याचा उतारा चाळत होता. म्हणाला, "हे फोनवाले आपल्याकडून बिल घेतायत की घराचा हप्ता?"

इथे मी रकमा लिहीत नाही. प्रत्येकाकडचे दर निराळे, आणि माझे दर वाचून कुणाला काही उपयोग नाही. आमचं त्या वेळचं महिन्याचं बिल १०० धरा आणि पुढचे सगळे आकडे त्या हिशेबात वाचा.

तर १०० मधले ४१ जात होते लाइनच्या भाड्याचे. म्हणजे फोन नुसता भिंतीला जोडलेला राहावा, याचे. १२ जात होते 'संध्याकाळ आणि शनिवार-रविवार मोफत' या पॅकचे. (मोफत असलेल्या गोष्टीचे १२.) ११ होते किरकोळीचे: ५ व्हॉइसमेलचे, ६ कोणाचा फोन येतोय ते दिसावं म्हणून. व्हॉइसमेल आमच्याकडे आहे हे मला त्या दिवशी कळलं. नंबर लावून ऐकलं तर त्यात चौदा निरोप होते, त्यातला एक अशा लग्नाचं आमंत्रण, ज्या जोडप्याला आता मुलगा झालाय. उरलेले ३६ पॅकबाहेरच्या कॉलचे. एवढा पॅक घेऊनही पॅकबाहेर ३६ कसे, हे काही केल्या डोक्यात शिरेना.

एका रविवारी दुपारी तीन महिन्यांचं तपशीलवार बिल छापून घेतलं. कंपनीच्या साइटवर ते मिळतं, पण आपणहून कुणी पाठवत नाही. 'माझं खातं'च्या आत तीन पायऱ्या खाली उतरावं लागतं. १८६ कॉल. तारीख, वेळ, नंबर, कालावधी, आकार. पेन्सिल घेतली आणि ओळीओळीने खुणा करत बसले. पहिली दोन पानं नुसता वैताग आला. तिसऱ्या पानापासून मजा वाटायला लागली, कारण घर दिसायला लागलं. कोण कोणाला किती वाजता फोन करतं, कोण कोणाला टाळतं, सगळं त्या ओळींमध्ये.

पहिली गोष्ट दिसली ती अशी, की १८६ पैकी ७१ कॉल मिनिटाच्याही आतले होते. नऊ सेकंद, चौदा सेकंद, बावीस सेकंद. समोरच्याचं रेकॉर्डिंग लागलं आणि आम्ही ठेवून दिला, किंवा "निघालीस का?" "हो, निघाले." एवढंच. ते जेव्हा पॅकबाहेर असायचे, तेव्हा आमच्या कराराप्रमाणे कॉल लागल्याचे ठरावीक पैसे आधी, आणि वर पूर्ण एका मिनिटाचे. ६१ सेकंद बोललात तर दोन मिनिटांचे. जाहिरातीत मिनिटाचा दर मोठ्या अक्षरात असतो, पण माझ्यासारख्या 'निघालीस का' घराला मिनिटाच्या दराने फारसा फरक पडत नाही. आम्हाला मारतं ते कॉल जोडण्याचं शुल्क. ३६ मधले ७ नुसते त्याचे होते. बोलण्याचे नव्हेत, रिसीव्हर उचलला गेल्याचे.

दुसरे ७ मोबाइलवर केलेल्या कॉलचे. बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी आहे, की फोन ज्याच्या नेटवर्कवरून निघतो त्याने, तो ज्याच्या नेटवर्कवर पोचतो त्याला मिनिटामागे पैसे द्यायचे. मोबाइलवर पोचवण्याचा हा दर लँडलाइनपेक्षा चढा राहत आला, म्हणून लँडलाइनवरून मोबाइल महाग. पण आमच्या घरात चार मोबाइल आहेत, त्यांवर मोफत मिनिटं पडून असतात, आणि आम्ही हॉलमधून जाता जाता हात लांब करून लँडलाइनवरून मुलीचा मोबाइल लावतो. हा मूर्खपणा कंपनीचा नाही, आमचा.

मावशीचे ९. बँका, दवाखान्यांची अपॉइंटमेंट वगैरे खास क्रमांकांचे २.

आणि ११ होते एकाच नंबरचे. हा नंबर मला तोंडपाठ आहे, कारण सासूबाई तो मोठ्याने म्हणत म्हणत फिरवतात. त्यांच्या धाकट्या बहिणीचा. कॉल लँडलाइनचा, बहुतेकदा संध्याकाळचा, म्हणजे पॅकमध्ये बसायला हवा. मग वेळेचा रकाना बघितला. ६.४१. ६.३९. ६.४२. ६.४०. आमच्या पॅकची संध्याकाळ सातला सुरू होते, आणि कॉल ज्या वेळी सुरू झाला त्या वेळेचा दर तो संपेपर्यंत. साडेसहाला त्यांची मालिका संपते, मग त्या पाणी पितात, श्रवणयंत्राचा खटका सरकवतात आणि बहिणीला फोन लावतात: आज त्या मालिकेत काय झालं ते सांगायला. सातला वीस मिनिटं कमी असताना. सव्वा-सव्वा तास. दिवसाच्या दराने.

मी त्यांना म्हटलं, "आई, वीस मिनिटं थांबलात तर हा फोन फुकट पडतो."

"वीस मिनिटांत ती झोपायला जाते की काय असं वाटतं मला," त्या म्हणाल्या. "आणि तोवर मी विसरते ना, कोण काय बोललं ते."

यावर काय बोलणार?

संध्याकाळ स्वस्त का, याचं उत्तर नवऱ्याने दिलं; तो नेटवर्कमधला माणूस. फोनची यंत्रणा दिवसातल्या सगळ्यात गर्दीच्या तासासाठी बांधावी लागते, बाकीचे तास ती अर्धी रिकामी असते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांगने १९०९ मध्ये फोन कॉलना संभाव्यतेचं गणित लावलं, पुढे १९१७ मध्ये किती लाइनी ठेवल्या तर किती जणांना मोकळी लाइन मिळणार नाही याचं सूत्र दिलं. पूर्वी गर्दीचा तास कचेऱ्यांच्या वेळेत यायचा, म्हणून लोकांना संध्याकाळकडे ढकलायला संध्याकाळ स्वस्त केली. आता गर्दी इंटरनेटवर असते, पण दरपत्रकातली संध्याकाळ तशीच राहिली. "म्हणजे सातची अट काढायला त्यांचं काही जात नाही?" मी विचारलं. "बहुतेक नाही," तो म्हणाला. ते 'बहुतेक' मी मनात ठेवून दिलं. पुढे कामाला आलं.

आता तुलना. तुलना करणाऱ्या साइटवर मी आधी तासभर घालवला आणि तो वाया गेला, कारण तिथे 'तुम्ही महिन्याला किती मिनिटं बोलता?' एवढंच विचारतात. किती वेळा फोन लावता, किती वाजता लावता, हे विचारत नाहीत, आणि आमच्या बिलाचा जीव तिथेच होता. मग उलटं केलं. आमचे तीन महिन्यांचे तेच १८६ कॉल घेतले आणि इतर तीन कंपन्यांच्या दरपत्रकाप्रमाणे मोजले. पूर्ण दरपत्रक, जाहिरात नव्हे. ते बहुधा पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, चाळीस पानांच्या पीडीएफमध्ये असतं. स्प्रेडशीट मुलीने मांडून दिली, पण खरं सांगायचं तर वहीतही झालं असतं.

पहिली कंपनी पहिले सहा महिने ५० ला देत होती. करार अठरा महिन्यांचा, उरलेले बारा महिने ९५. सगळे मिळवून अठराने भागले तर महिन्याला ८०. शिवाय कॉल जोडायचं शुल्क आमच्यापेक्षाही जास्त. ५० चा आकडा बघून नवरा "घेऊन टाक" म्हणाला होता. दुसरी कंपनी सगळं धरून ७४, सरळ मामला. तिसरीचा फोन इंटरनेटवरून चालणारा: लँडलाइनचं यंत्र तेच, फक्त ते भिंतीऐवजी राउटरला लावलेल्या एका डबीत खुपसायचं. सेकंदावर आकारणी, जोडणी शुल्क नाही, त्यामुळे ते ७१ किरकोळ कॉल जवळजवळ फुकट. ४८, आणि डबीची किंमत वर्षभरात वाटली तर आणखी ४. म्हणजे ५२.

इंटरनेटवरच्या फोनचा मी गंभीरपणे विचार केला. एका कॉलला धरून चाललं तर सेकंदाला शंभर किलोबिटच्या आतबाहेर लागतं, ते कुठल्याही साध्या ब्रॉडबँडवर मिळतं, आवाजाचा प्रश्न नाही. प्रश्न विजेचा. जुन्या तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्ट मिळतात, म्हणून घरातली वीज गेली तरी तारेचा साधा फोन चालतो. राउटर मात्र वीज गेली की गेला, आणि त्याच्यासोबत फोनही. दिवसा घरात सासूबाई एकट्या असतात. छोटा यूपीएस बसवता येतो हे माहीत आहे, तरी मन धजेना. शिवाय आणीबाणीच्या नंबरला फोन लावला तर पत्ता आपोआप कळेलच असं नाही, तो आधी नोंदवून ठेवावा लागतो. ज्यांच्या घराचा गजर किंवा आजारी माणसाचं बटण लँडलाइनला जोडलेलं आहे, त्यांनी तर हे आधी विचारून घ्यावंच.

तरीही ५२ हा आकडा माझ्यासाठी महत्त्वाचा होता. त्या कंपनीला मी ऑर्डर देऊन ठेवली नाही, पण शुक्रवारपर्यंत कळवते असं सांगितलं आणि तो भाव ईमेलवर मागवून घेतला. हे मी नाटक म्हणून केलं नव्हतं. शुक्रवारपर्यंत काही झालं नसतं तर यूपीएस आणला असता.

सध्याच्या कंपनीला केलेला पहिला फोन पार फसला. तेवीस मिनिटं संगीत ऐकलं. मग जी मुलगी आली तिला मी इतक्या वर्षांचा राग एका दमात ऐकवला: बिल किती वाढलंय, संध्याकाळ सातला का सुरू होते, व्हॉइसमेल कुणी मागितला होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्या जुन्या ग्राहक आहात, म्हणून तुम्हाला तीन महिने व्हॉइसमेल मोफत देते." मी फोन आपटला. नंतर विचार केल्यावर कळलं, की तिची काही चूक नव्हती. मी तिच्याकडे काही मागितलंच नव्हतं. तक्रार केली होती, आणि तक्रारीवर देण्यासारखं तिच्याकडे तेवढंच होतं.

त्या फोनमध्ये आणखी एक गोष्ट थोडक्यात टळली. रागाच्या भरात "बंदच करून टाका तो फोन!" असं माझ्या ओठांवर आलं होतं. तिने खरंच बंद केला असता तर नंबर गेला असता. नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा असेल तर आपण आधी बंद करायचं नसतं. नव्या कंपनीला सांगायचं, ती जुनीकडून नंबर मागून घेते आणि नंबर हलला की जुनी जोडणी आपोआप संपते. आधी बंद केला की नंबर परत कंपनीच्या साठ्यात जातो, मग मिळाला तर मिळाला. आमचा नंबर २७ वर्षं जुना. सासूबाईंच्या पिढीतल्या किमान दहा जणांना तो पाठ आहे आणि त्यातल्या निम्म्यांना दुसरा कुठलाच नंबर पाठ होणं आता शक्य नाही. आमचं इंटरनेट वेगळ्या तारेवर आहे म्हणून बरं. ज्यांचं ब्रॉडबँड फोनच्याच तारेवरून येतं, त्यांचं तेही सोबत गेलं असतं.

म्हणून दुसऱ्या फोनच्या आधी एक कागद केला. वर मोठ्या अक्षरात: "'बंद करा' म्हणायचं नाही. 'बंद करायचा विचार आहे' म्हणायचं." खाली चार ओळी. आमचं आत्ताचं बिल. दुसरीकडे मिळणारा भाव. आम्हाला काय हवंय: दिवसभराचा पॅक, मोबाइलसकट, व्हॉइसमेल काढणं, भाडं कमी. आणि शेवटी, मुलीच्या अक्षरात: "आई, गप्प बस."

या शेवटच्या ओळीचं श्रेय तिचं. ती म्हणाली, "तू आकडा सांगितलास की लगेच पुढे बोलतेस, मग समोरच्याला उत्तर द्यायची गरजच उरत नाही."

या वेळी बिलाबद्दलचा पर्याय न दाबता 'जोडणी बंद करण्यासाठी' असा जो सगळ्यात शेवटी येणारा पर्याय असतो, तो दाबला. चार मिनिटांत माणूस आला! राहणाऱ्याला तेवीस मिनिटं आणि जाणाऱ्याला चार.

तो आधी कारण विचारू लागला. मी म्हटलं, बंद करायचा विचार आहे, दुसरीकडे साधारण निम्म्यात मिळतंय. कोण देतंय? सांगितलं. तो म्हणाला, "ते इंटरनेटवरचं आहे मॅडम, वीज गेली की बंद." मी म्हटलं, "माहीत आहे. यूपीएस घेणार आहे." हे ऐकल्यावर त्याचा सूर जरा बदलला. माहिती नसलेल्या बाईला घाबरवायची वाट बंद झाली.

"मी तुम्हाला भाड्यात दहा टक्के सूट देऊ शकतो."

मी कागदाकडे बघितलं आणि गप्प बसले. फार अवघड असतं हो. घड्याळाचा काटा दिसत होता, अकरा-बारा सेकंद गेले असतील. मला वाटलं फोन तुटला.

"एक मिनिट, सिस्टीममध्ये बघतो," तो म्हणाला. कळफलकाचा आवाज आला. "दिवसभराचा पॅक तुम्हाला संध्याकाळच्या पॅकच्या किमतीत देता येईल. मोबाइल त्यात आहेत."

हेच ते नवऱ्याचं 'बहुतेक'. सातची अट काढायला त्यांचं काही गेलं नाही.

मग मी हळूहळू एकेक विचारत गेले. व्हॉइसमेल काढा. काढतो. नंबर दिसण्याचे पैसे? ते माफ. भाडं दहा टक्क्यांनी कमी म्हणजे नेमकं किती? त्याने आकडा सांगितला, तो मी आपल्या हिशेबात बसवला: ४१ चे ३७. मी म्हटलं ३६ करा. तो हसला आणि केले. का केले देव जाणे. करार किती महिन्यांचा? अठरा. बारा करता येईल का? "सूट तीच राहील, पण..." पण काय, ते त्याने सांगितलं नाही, बारा केले. मध्ये भाव वाढवला तर दंड न भरता सोडता येईल का? त्याने वाचून दाखवलं, येईल, अमुक दिवसांच्या आत कळवलं तर. तांब्याची तार पुढेमागे काढणार का? काढणार, वर्ष-दोन वर्षांत, आधी पत्र येईल. म्हणजे यूपीएस तेव्हा घ्यावाच लागणार. बरं.

"करून टाकू का मॅडम?"

"हे सगळं ईमेलवर पाठवा. वाचून उद्या याच वेळी हो म्हणते."

हे त्याला फारसं आवडलं नाही. ही ऑफर आजचीच आहे म्हणाला. मी म्हटलं, मग राहू दे. ईमेल दहा मिनिटांत आलं. सगळं बरोबर होतं. एक सोडून, पण ते तेव्हा लक्षात आलं नाही.

मधल्या काळात मावशीचा प्रश्न मावशीनेच सोडवला. तिला सांगितलं की तुझ्याशी बोलायला आता महाग पडतं, तर ती म्हणाली, "मग मी करते की! माझ्या फोनला काहीतरी परदेशचं फुकट आहे म्हणे, तो मुलगा आला होता तेव्हा सांगत होता." तिचं बिल बघायला सांगितलं. तिच्या पॅकमध्ये परदेशातल्या लँडलाइनची मिनिटं कित्येक वर्षं होती. तिने एकही वापरलं नव्हतं. परदेशी फोन महाग असतो हे तिच्या मनात घट्ट बसलेलं. मीही कधी विचारलं नाही, कारण तुलना आपल्या टोकाच्या दरांची करायची एवढंच डोक्यात होतं. फोनला दोन टोकं असतात आणि दुसरं टोक स्वस्त असू शकतं, हे मला सुचायला हवं होतं. आता मी दोन रिंगा देते आणि ठेवते. उचललाच नाही, तर पैसे कसले? मिनिटभरात तिचा फोन येतो. मिसकॉलच्या कलेत आपल्या पिढीला कुणी शिकवायची गरज नाही.

नवं बिल ५१ यायला हवं होतं. ३६ भाडं, १२ पॅक, ३ किरकोळ. आलं ६५.

मी या वेळी लगेच उघडलं. व्हॉइसमेलचे ५ तसेच. ते फोन करून काढले, ईमेल पुढे केलं, पाच मिनिटांत परत मिळाले. लेखी असलं की आवाज चढवावा लागत नाही. उरलेले ९ मात्र आमचेच होते. तपशिलात सासूबाईंच्या बहिणीचा नंबर, कालावधी ७४ मिनिटं, आकार १४ मिनिटांचा. ८१ मिनिटं, आकार २१ चा. ईमेलच्या शेवटून दुसऱ्या ओळीत होतं: 'अमर्याद' म्हणजे प्रत्येक कॉलची पहिली साठ मिनिटं. एकसष्टाव्या मिनिटापासून मीटर सुरू. ठेवून पुन्हा लावला की पुन्हा साठ मिनिटं मोफत, कितीही वेळा. जुन्या पॅकला ही अट नव्हती, म्हणून मला विचारायचं सुचलंच नाही. तिथे 'अमर्याद' शब्द वाचूनच मी पुढे सरकले होते, चाळीस पानांची पीडीएफ वाचणारी मी!

म्हणजे वाटाघाटीची खरी फेरी अजून बाकी होती, आणि समोर सासूबाई होत्या.

"आई, तासाच्या आत एकदा ठेवायचा आणि परत लावायचा. एवढंच."

"फुकट आहे म्हणालीस ना?"

"फुकटच आहे. फक्त मध्ये एकदा ठेवायचा."

"ती काय समजेल? रागावून ठेवला असं वाटेल तिला."

"तिला आधी सांगून ठेवायचं."

"आणि मला कसं कळणार तास झाला ते? मी घड्याळ बघत बोलू?"

हा मुद्दा बरोबर होता. घड्याळ बघत बहिणीशी बोलायचं असेल तर लँडलाइन ठेवायची कशाला? मी म्हटलं, तुम्ही बघू नका, मी काहीतरी करते. ओट्यावरचा टायमर आणून फोनशेजारी ठेवला, पंचावन्न मिनिटांवर लावून. पहिल्या दिवशी तो वाजला तेव्हा टेलिकॉइल चालू होती, म्हणजे यंत्राचा माइक बंद, म्हणजे त्यांना टायमर ऐकूच आला नाही. हॉलमधल्या सगळ्यांना आला. मी खुणा करत राहिले, त्या हात हलवून "थांब" म्हणत राहिल्या. ६८ मिनिटं.

मग मुलीने उपाय काढला. वाजणारा टायमर परत ओट्यावर गेला आणि फोनशेजारी आला तो वेळ झाली की लाल दिवा उघडझाप करणारा, बहिऱ्या माणसांसाठी मिळतो तसला. सासूबाईंना तो आवडला. आवडण्याचं कारण वेगळंच. दिवा लागला की त्या बहिणीला म्हणतात, "ठेव गं, मध्यंतर झालं." आणि दोघी पाच मिनिटं थांबतात. त्या पाणी पिऊन येतात, बहीण दार लावून येते, मग दुसरा अंक. दिवसभराचा पॅक असल्यामुळे आता सहा चाळीसला फोन लावला तरी हरकत नाही. तरी गंमत बघा, सातची अट गेल्यापासून त्या कधीकधी सव्वासातलाही लावतात. कोण काय बोललं ते विसरत नाहीत.

करार संपायच्या महिनाभर आधीची तारीख मी कॅलेंडरवर टाकून ठेवली आहे. तो कागदही तिथेच टाचला आहे, "आई, गप्प बस"सकट. बिल आता दर महिन्याला उघडते. खर्चासाठी म्हणून उघडते असं म्हणते, पण खरं तर सासूबाईंच्या ओळी वाचायला. गेल्या महिन्यात बहिणीचे सव्वीस कॉल: ५६, ५५, ५७, ५५, ५६, खाली त्यांच्या दुसऱ्या अंकांचे १२, १९, १६. सगळे आकार शून्य. मधे एकच ओळ ९२ मिनिटांची.

विचारलं तर म्हणाल्या, "दिव्याचा सेल संपला होता. आणि मालिकेत त्या दिवशी लग्न होतं."